‘आपला काय संबंध?’ : अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

कार्यकारिणीतील सर्व दादा-ताई, आणि मंडळातली डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मागच्या सर्वसाधारण सभेत आरोग्य निधीचा विषय निघाला तेव्हा मी हात वर केला होता. पावणेएक वाजला होता, मागच्या टेबलावर मसालेभाताची झाकणं निघाली होती, तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं हे मलाही कळत होतं. माझं म्हणणं एका वाक्याचं होतं. यंदाच्या निधीतली निम्मी रक्कम आपल्याच शहरातल्या ब्लॅक डूला आणि मिडवाइफ बायकांच्या कामाला द्यावी. (डूला म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबतीला राहणारी, मिडवाइफ म्हणजे रीतसर शिकलेली सुईण.) पहिल्या रांगेतून प्रश्न आला, “पण आपला काय संबंध?” कोणीतरी हसलं, आणि विषय ‘पुढे बघू’ या खात्यात जमा झाला.

ज्या काकांनी विचारलं त्यांच्यावर माझा राग नाही. माझ्या मुलीच्या बारशाला सकाळी सातला येऊन त्यांनीच खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांनी तोंडावर विचारलं, बाकीच्यांनी मनातल्या मनात. मी तेव्हा खाली बसले, कारण उत्तर पंगत थांबवून देण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. खुलं लिहिते आहे, कारण हाच प्रश्न इतर गावांतल्या मंडळांतही विचारला जातो, हे मला तिथल्या मैत्रिणींनी सांगितलं आहे.

आधी शब्दाचं बघू. आफ्रिकी वंशाच्या या अमेरिकी बायकांना मी ‘ब्लॅक’ लिहिते, कारण त्या स्वतःला तेच म्हणवतात. आपण घरात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. मुलांसमोर म्हणताना आपण आवाज का खाली आणतो, एवढं ज्याचं त्याने बघावं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी लेबर रूममध्ये नर्स आहे. बावीस वर्षं झाली. फार थोड्यांना सांगितलेली एक रात्र आज सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

बाळंतपण होऊन दुसरा दिवस संपत आला होता. बाई ब्लॅक, तिशीची, शाळेत शिक्षिका, दुसरं मूल. सकाळी घरी सोडायचं म्हणून कागद तयार होते. रात्री साडेअकराला तिने बेल दाबली. म्हणाली, डोकं दुखतंय. मी गोळी दिली. साडेबाराला पुन्हा बेल. डोकं तसंच आहे, आणि हे माझं नेहमीचं दुखणं नाही. त्या रात्री आमच्याकडे एक नर्स कमी होती, माझ्याकडे आणखी चार बायका होत्या. मी म्हटलं, झोप झालेली नाही, बाळ रडतंय, दुखणारच. बाहेर येऊन कॉम्प्युटरवर टाइप केलं : पेशंट चिंताग्रस्त, धीर दिला.

तिच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिची डूला बसलेली होती. पन्नाशीची बाई, पायात जाड मोजे, मांडीवर एक साधी वही. कळांच्या वेळेपासून ती वही मी बघत होते आणि, खरं सांगायचं तर, मला तिचा जरा राग येत होता. आमच्यावर पहारा ठेवल्यासारखं वाटायचं. मी दारातून परत निघाले तेव्हा ती उठून मागे आली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, “तिने दोनदा सांगितलंय. बीपी शेवटचं साडेआठला घेतलंय. आता घ्याल का? आणि घ्यायचं नाही असं ठरलं, तर तिने सांगितलं होतं आणि तुम्ही घेतलं नाही, एवढं कागदावर लिहाल का?”

मी घेतलं. १६८ वर ११२, बाळंतिणीला धोक्याचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा, जवळपास तेवढंच. पुढचं डॉक्टर मंडळींना सांगायला नको. बीपीचं इंजेक्शन, झटका येऊ नये म्हणून मॅग्नेशियम, धावपळ. ती चार दिवसांनी घरी गेली, धडधाकट. जाताना तिने मला मिठी मारली, आणि ती मिठी मला आजही बोचते. कारण साडेअकरा ते सव्वा या पावणेदोन तासांत तिला झटका आला असता, तर माझ्या हातचा ‘चिंताग्रस्त’ हा एक शब्द तेवढा कागदावर उरला असता.

हेच वाक्य एखाद्या गोऱ्या वकीलबाईने म्हटलं असतं, ‘हे माझं नेहमीचं दुखणं नाही’, तर मी काय केलं असतं? मी हा प्रश्न स्वतःला बरेच दिवस विचारला. उत्तर मला आवडलेलं नाही.

आता आकडे. फार देत नाही. २०२१ साली, कोविडच्या ऐन भरात, अमेरिकेत ब्लॅक बायकांना झालेल्या दर एक लाख जिवंत बाळांमागे ६९.९ जणी बाळंतपणाशी संबंधित कारणांनी गेल्या. गोऱ्या बायकांमध्ये हाच आकडा २६.६ होता. २०२३ मध्ये गोऱ्या बायकांचा आकडा १४.५ वर उतरला, ब्लॅक बायकांचा ५०.३ वर अडकला. म्हणजे साथ ओसरली आणि पट वाढली : आधी सुमारे अडीच पट, नंतर जवळपास साडेतीन पट. आपल्या फिलाडेल्फियातली गोष्ट : २०१३ ते २०१८ या काळात शहरातल्या जन्मांपैकी ४३ टक्के ब्लॅक बायकांचे होते, पण गर्भारपणामुळे झालेल्या मृत्यूंपैकी ७३ टक्के त्यांचे. आणि देशभरात असे मृत्यू तपासणाऱ्या समित्यांचं म्हणणं असं, की पाचांतले चार टाळता येण्यासारखे असतात.

सभेनंतर वाढपाच्या रांगेत एक वाक्य कानावर पडलं. “शिक्षण नाही, खाणंपिणं धड नाही, मग होणारच.” हे वाक्य हवेत सोडून देण्यासारखं नाही. सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेच्याच, अभ्यासात दिसलं, की पदवीधर ब्लॅक बाईला असलेला मृत्यूचा धोका शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त आहे. डॉ. शॅलन अर्व्हिंग त्याच सीडीसीत साथरोगतज्ज्ञ होत्या. डॉक्टरेट, वर दोन मास्टर्स, अभ्यासाचा विषय असा की समाजातली विषमता माणसाच्या शरीरात कशी उतरते. २०१७ च्या जानेवारीत त्यांना मुलगी झाली. नंतरच्या तीन आठवड्यांत त्या पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. बीपी वाढलेलं, पाय सुजलेले. शेवटच्या खेपेला औषध देऊन घरी पाठवलं, त्याच दिवशी त्या कोसळल्या. वय ३६. याहून जास्त शिक्षण कुठून आणायचं? सेरेना विल्यम्सचं तर तुम्ही वाचलंच असेल. फुफ्फुसात गुठळ्या होण्याचा त्रास तिला आधीपासून होता, सिझेरियननंतर तिने स्वतःच ओळखलं, अमुक स्कॅन करा असं नावानिशी सांगितलं, तरी औषधाने हिला भ्रम झालाय असं नर्सला वाटलं. तेवीस ग्रँडस्लॅम जिंकलेल्या बाईची ही तऱ्हा.

आणि पूर्वग्रह ही केवळ खेड्यातल्या अडाणी माणसाची मक्तेदारी नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि रेसिडेंटांना, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना, काही विधानं दिली होती. ब्लॅक माणसाची कातडी जाड असते, अशा जातीची. साधारण निम्म्या मुलांना त्यातलं किमान एक तरी खोटं विधान खरं वाटलं. ही मुलं आता कन्सल्टंट झाली असतील. काही तुमच्या शेजारच्या ओटीत असतील.

मग डूला म्हणजे नक्की कोण? सभेत कोणीतरी ‘बाळंतपणातली मोलकरीण’ असं म्हटलं, म्हणून सांगते. डूला डॉक्टर नव्हे, मिडवाइफही नव्हे. ती बाळ काढत नाही, नाळ कापत नाही, औषध देत नाही. ती सोबत असते. सातव्या महिन्यापासून घरी येते, प्रश्न लिहून ठेवायला लावते, कळांच्या वेळी कंबर चोळते, बाळाच्या बापाला काय करायचं ते सांगते, कारण तो बिचारा भिंतीला पाठ लावून उभा असतो. नंतर घरी जाऊन दूध येतंय का बघते, टाके दुखतायत का विचारते, आई रात्री एकटीच रडते का ते बघते. आपल्याकडे हे काम आई, आत्या, शेजारची काकू आणि सुईण मिळून करायच्या. आजही आपल्या मुलींची पहिली बाळंतपणं आली की पुण्याहून किंवा सांगलीहून आई सहा महिन्यांच्या व्हिसावर येते, बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि कस्टमवाल्याला काय सांगायचं याची रंगीत तालीम करून. ज्या मुलीची आई स्वतःच दोन शिफ्टमध्ये काम करते, तिच्याकडे कोण येणार? २६ चाचण्या आणि १५ हजारांहून जास्त बायकांचा एकत्र अभ्यास झालेला आहे. अशी सतत सोबत असली की सिझेरियनचं प्रमाण कमी होतं आणि आपल्या बाळंतपणाची कडवट आठवण राहिलेल्या बायकाही कमी होतात. एवढं स्वस्त औषध आमच्या फार्मसीत दुसरं नाही.

इथे मला थोडं मागे जायचं आहे, आणि ते मिरजेजवळच्या आमच्या गावापासून.

माझ्या आईचा जन्म घरी झाला. सुईणीच्या हातावर. त्या बाईचं नाव घरात कोणाला आठवत नाही, सगळे ‘सुईणमावशी’च म्हणत. आजीची सगळी बाळंतपणं तिने केली, त्यातलं एक पायाळू. एवढं करून ती चहा प्यायची तो परसदारी बसून, आणि तिचा कानतुटका कप वळचणीला खोचून ठेवलेला असायचा. ज्या हातांनी माझ्या आईला या जगात आणलं, त्या हातांना आमच्या घरातल्या हंड्याला शिवायची मुभा नव्हती. आजी हे सांगताना कधी खजील झालेली मला आठवत नाही. असंच असायचं, म्हणायची.

अमेरिकेच्या दक्षिणेत त्या सुईणीला ‘ग्रॅनी मिडवाइफ’ म्हणत. गुलामगिरीच्या काळापासून ब्लॅक बायकांची बाळंतपणं त्यांनीच केली, आणि गोऱ्या घरांतलीही कितीतरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या संघटनांनी या बायका घाणेरड्या, अडाणी, अंधश्रद्ध आहेत असा प्रचार लावला. १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता-बालकांसाठी पैसा आला, सुईणींचं प्रशिक्षण आलं, आणि सोबत परवाने आणि पिशव्यांची तपासणीही. पिशवीत पांढरा एप्रन हवा, कात्री उकळलेली हवी. हे चांगलंच झालं, मी नर्स आहे, कात्री उकळण्याच्या विरोधात कशी जाईन? पण पुढच्या पन्नास वर्षांत राज्याराज्यांनी ते परवानेच बंद करत आणले. अलाबामातल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनी तीन हजारांवर बाळंतपणं केली. १९७६ मध्ये तिथल्या कायद्याने त्यांच्यासारख्यांचं काम संपवलं. पर्याय म्हणून दवाखाने किती उघडले, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. आज देशातल्या प्रमाणित नर्स-मिडवाइफांमध्ये ब्लॅक बायका शेकड्याला सातच्या आसपास आहेत. जिथे हे काम पिढ्यान्पिढ्या त्यांच्या घरात होतं, तिथे ही गत.

त्याच इतिहासात एक गोष्ट आहे ती मला फार आवडते. साउथ कॅरोलायनात मॉड कॅलन नावाच्या ब्लॅक नर्स-मिडवाइफ होत्या. चिखलाच्या रस्त्यांवरून गाडी हाकत शेकडो चौरस मैलांचा मुलूख त्या एकट्या सांभाळत. १९५१ च्या डिसेंबरात ‘लाइफ’ मासिकात त्यांच्या कामाचे फोटो छापून आले. वाचकांनी न मागता पैसे पाठवले, आणि त्यातून १९५३ मध्ये पाइनव्हिल गावात दवाखाना उभा राहिला. पैसे पाठवणाऱ्यांनी समिती नेमली नाही, लोगो बनवला नाही. कामाची बाई दिसली, पैसे पाठवले.

आजही काम करणाऱ्या बायका आहेत, आणि त्या आपली वाट बघत थांबलेल्या नाहीत. अटलांटामधल्या ‘ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स’ने देशभरातल्या अशा संस्थांची मोट बांधली आहे. वॉशिंग्टनमधलं ‘ममाटोटो व्हिलेज’ वस्तीतल्याच बायकांना शिकवतं आणि त्यांनाच पगारावर ठेवतं. कॅन्सस सिटीत ‘उझाझी व्हिलेज’, ब्रुकलिनमध्ये ‘एन्शंट सॉंग’. फ्लोरिडात जेनी जोसेफ या ब्रिटनमध्ये शिकलेल्या मिडवाइफनी दवाखाना काढला, विमा नाही किंवा पैसे नाहीत म्हणून तिथून कोणाला परत पाठवायचं नाही असं ठरवून. नंतर त्यांनी मिडवाइफांची शाळाही काढली. आपल्या फिलाडेल्फियात तीन वस्त्यांमधल्या गरोदर बायकांना दरमहा १००० डॉलर, कुठलीही अट न घालता, देऊन बघण्याचा ‘जॉय बँक’ नावाचा प्रयोग सुरू झाला. बापांसाठीही गट आहेत. २०१६ मध्ये सिझेरियननंतर ज्यांची पत्नी किरा गेली ते चार्ल्स जॉन्सन हातात दोन मुलगे घेऊन संसदेपर्यंत गेले. मातामृत्यूंची नीट चौकशी व्हावी म्हणून २०१८ मध्ये झालेल्या कायद्यामागे त्यांचाही रेटा होता.

डॉक्टर मंडळींना हे सगळं नवीन वाटायचं कारण नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून हेच केलं, निरक्षर बायकांना हाताशी धरून. त्यांची नावं आपण इथल्या पार्ट्यांत किती अभिमानाने घेतो! मंडळाने त्यांना निधीही पाठवलेला आहे. म्हणजे वस्तीतली बाई वस्तीतल्या बाईला वाचवू शकते, हे आपल्याला पटलेलं आहे. फक्त ती मराठी असेल तर.

आता काकांच्या प्रश्नाचं थेट उत्तर.

आपल्या हॉलमध्ये दारातून आत आलं की डाव्या हाताला डॉ. आनंदीबाई जोशींची तसबीर आहे. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, म्हणून डॉक्टर व्हायचं ठरवलेली मुलगी. १८८६ मध्ये इथेच, फिलाडेल्फियात, विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र. दर महिला दिनाला आपण त्या तसबिरीला हार घालतो. त्याच कॉलेजातून १८६७ मध्ये, आनंदीबाईंच्या एकोणीस वर्षं आधी, रेबेका कोल नावाची ब्लॅक मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडली. अमेरिकेतली दुसरी ब्लॅक स्त्री डॉक्टर. नंतर याच शहरात त्यांनी गरीब बायका-मुलांना औषधोपचार आणि कायद्याची मदत देणारं केंद्र काढलं. १८७८ मध्ये कॅरोलाइन स्टिल अँडरसन. आनंदीबाई साडीत ज्या दारातून आत गेल्या, ते दार त्यांच्यासाठी पहिल्यांदा किलकिलं झालेलं नव्हतं. अशा दोघी तरी आधी आत जाऊन आल्या होत्या. हा झाला एक संबंध.

दुसरा. १८७३ मध्ये जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी ते झटले म्हणून. त्याच्या दहा वर्षं आधी फुले दांपत्याने पुण्यात फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यातून आल्या, हे आपण कधी जुळवून बघत नाही. ११ एप्रिलला जोतिरावांची जयंती, १४ ला बाबासाहेबांची. ‘ब्लॅक मॅटर्नल हेल्थ वीक’ २०१८ पासून दरवर्षी कोणत्या तारखांना असतो? ११ ते १७ एप्रिल. योगायोगच आहे, मी त्यात दैवी काही बघत नाही. पण हॉल त्या आठवड्यात आपण तसाही घेतलेला असतो. बाबासाहेबांचं निघालंच आहे तर, १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता, आणि पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. अमेरिकेत सगळ्या बायकांना लागू होणारी बाळंतपणाची भरपगारी रजा केंद्राच्या कायद्याने आजही नाही. १९९३ चा कायदा आहे तो बारा आठवडे बिनपगारी घरी बसू देतो, तोही सगळ्यांना नाही.

तिसरा संबंध आपल्या पोटापाण्याचा. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा, १९६५ चा मतदानाचा हक्क आणि १९६५ चाच इमिग्रेशनचा कायदा हे एका माळेतले मणी आहेत. ब्लॅक लोकांनी रस्त्यावर मार खाल्ला, आणि वर्णावरून माणूस निवडायची लाज या देशाला वाटू लागली, तेव्हा आपल्या पहिल्या पिढीतल्या डॉक्टरांना दार उघडलं. १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, आलं आणि पैसे हवे असतील तर वॉर्ड वेगळे ठेवता येणार नाहीत असं हॉस्पिटलांना सांगितलं गेलं. त्याच हॉस्पिटलांत आपले काका-मामा रेसिडेंट म्हणून लागले. ‘आम्हाला कोणी काही फुकट दिलं नाही’ असं सभेत म्हटलं गेलं. फुकट नव्हतंच. बिल दुसऱ्यांनी भरलं होतं.

आता मागणं काय ते सांगते.

पैसे द्यायचे तर एकदा देऊन फोटो काढायचे नकोत. तीन वर्षं द्यावेत, आणि कशावर खर्च करायचे ते त्या बायकांना ठरवू द्यावं. आपल्याला सवय असते ‘एक इन्क्युबेटर, सप्रेम भेट’ अशी पाटी लावायची. त्यांना इन्क्युबेटर नको असेल. भाडं हवं असेल, गाडीचं पेट्रोल हवं असेल, रात्री तीनला निघताना स्वतःच्या मुलाला सांभाळायला कोणी हवं असेल. मला माहीत असलेल्या डूला महिन्याला तीन-चार बाळंतपणांच्या वर घेत नाहीत, कारण प्रत्येक बाई म्हणजे कित्येक आठवडे फोन उशाशी ठेवून झोपणं. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यावर. न्यू जर्सीने २०२१ पासून मेडिकेडमधून डूलांना पैसे द्यायला सुरुवात केली, इतर राज्येही एकेक करून करत आहेत. पण कागदावर आलेलं बँकेत येईपर्यंत जीव जातो. नोंदणी क्रमांक घ्या, प्रत्येक विमा कंपनीशी वेगळा करार करा, कोड चुकला की क्लेम परत. माझ्या ओळखीच्या एका डूलाने चार महिने वाट बघून शेवटी ती फी सोडूनच दिली.

इथे माझ्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती मला निधीपेक्षाही मोलाची वाटते. आपल्या मंडळातले निम्मे लोक विमा कंपन्यांच्या क्लेमच्या सिस्टीमवर काम करतात! दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात मध्यंतरात त्यांच्या गप्पा ऐकाव्यात, क्लेम कुठे का अडकतो हे त्यांना तोंडपाठ. महिन्यातून दोन शनिवार, दोन तास, लॅपटॉप घेऊन तिघे-चौघे बसले आणि पाच-सहा डूलांचे अडकलेले क्लेम सोडवले, तर ते कुठल्याही चेकपेक्षा मोठं दान होईल. शिकवायला जायचं नाही. फॉर्म भरायला जायचं.

डॉक्टर मंडळी, तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. तुमच्या वॉर्डात डूला आली की ‘व्हिजिटर’ म्हणून तिला बाहेर काढतात, ते थांबवा. सिझेरियनला आत एकच माणूस चालेल म्हणतात, तेव्हा नवरा की डूला ही निवड बाईला करायला लावू नका. पेन्सिल्व्हेनियात नर्स-मिडवाइफला काम करायचं तर डॉक्टरशी लेखी करार लागतो. असा करार करायला तयार असलेला डॉक्टर मिळत नाही म्हणून जन्मकेंद्र उघडायचं स्वप्न खुंटीला टांगून बसलेली एक मिडवाइफ मला माहीत आहे. तुमच्यापैकी दोघांची सही तिला पुरेल. जोखीम आहे, विम्याचा हप्ता वाढेल, कबूल. १९९७ ते २०१२ या काळात या शहरातल्या १९ पैकी १३ हॉस्पिटलांनी आपले प्रसूती विभाग बंद केले, तेव्हा ती जोखीम कोणाच्या गळ्यात पडली, याचाही हिशेब करा.

आणि एक काम तुम्हा-आम्हा सगळ्यांचं. बाई म्हणाली ‘हे नेहमीसारखं नाही’, तर बीपी घ्यायचं. टाइप नंतर करायचं.

आणखी एक भीती मला आहे ती आताच बोलून टाकते. हा प्रस्ताव मान्य झाला की आपल्यातले उत्साही लोक ‘मराठी डूला प्रकल्प’ काढतील, अध्यक्ष नेमतील, त्या बायकांना व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देतील आणि दीड तास आपणच भाषणं करू. कृपा करून तसं करू नये. आपल्याला त्यांचं नेतृत्व करायचं नाही. त्यांना ते करता येतं, आपल्या कितीतरी आधीपासून येतं.

शेवटचं मागणं अगदी छोटं, आणि त्याला सर्वसाधारण सभाही लागणार नाही. आपला हॉल सोमवार ते गुरुवार रिकामा असतो. भाडं आपण वर्षाचं भरतो. बसथांबा दारात आहे, खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर आहे, आणि रांगत्या मुलांसाठी आपल्याच बालवाडीच्या सतरंज्या कपाटात पडून आहेत. इथून दोन मैलांवर बाळंतिणींचा एक गट दर बुधवारी जमतो. एका चर्चच्या तळघरात. हिवाळ्यात तिथलं हीटर बंद पडलं की मांडीवरच्या बाळांना कोट घालून बसतात. गट चालवणाऱ्या बाईंना मी विचारलं, आमचा हॉल मिळाला तर याल का? त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. आधी विचारलं, “तिथे आम्ही आल्याचं कोणाला चालणार नाही, असं तर नाही ना?” मी म्हटलं, विचारून सांगते.

तर विचारते आहे. चालत असेल तर बुधवारी संध्याकाळी सहाला मी हॉल उघडायला येईन, आठला झाडून, दिवे बंद करून जाईन. स्वयंपाकघरातले कप वापरले तर चालतील ना, हेही एकदा सांगा. सगळे कप, वेगळे काढलेले नव्हेत. आणि किल्ली सध्या कोणाकडे आहे ते कळवा, म्हणजे मंगळवारी येऊन घेऊन जाते.

आपली,
मंडळाची अठरा वर्षांची वर्गणीदार,
एक नर्स